थोरलीची तपासणी

माझ्या मामाला दोन बायका आहेत, असं मामी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते. धाकटी ती स्वतः. थोरली बाहेर शेडमध्ये, पत्र्याखाली, ताडपत्री पांघरून उभी असते. मामाने ती गाडी लग्नाच्या एक वर्ष आधी घेतली, आणि तीही तेव्हाच बारा वर्षं वापरलेली होती, म्हणजे वयाने ती मामीपेक्षा फारशी लहान नाही. "मानाने मोठी ती," मामी म्हणते, "मी आपली मागाहून आलेली. तिला न्हाऊमाखू घालून झालं की मग माझा नंबर."

गाडी राखाडी रंगाची आहे, पुढे लांब नाक, मागे लांब शेपटी. पुढची सीट अखंड, बाकासारखी, तिघं आरामात बसतील अशी. गिअर खाली नाही, स्टिअरिंगच्या दांड्याला. दार लावलं की जुन्या लोखंडी कपाटासारखा आवाज येतो. मी त्याच गाडीवर शिकले. चुकीचा गिअर टाकला की मामा माझ्या मनगटावर दोन बोटांनी टिचकी मारायचा, आणि ती लागायची, कारण बोटं टर्नरची होती.

चौतीस वर्षं मामा लेथवर उभा होता. लोखंडाच्या दांड्यावरून नुसतं बोट फिरवून तो सांगायचा, की अजून केसाएवढं काढायला हवं. मोजून बघितलं तर तेवढंच निघायचं. निवृत्त होताना कारखान्यातला एक जुना लेथ त्याने भंगाराच्या भावात उचलला आणि शेडमध्ये थोरलीच्या शेजारी बसवला. तिला जो पार्ट बाजारात मिळत नाही तो तो स्वतः कातून काढतो, आणि तिला तर बाजारात काहीच मिळत नाही. कारखान्याने त्याला हे कसब दिलं आणि त्या बदल्यात कान ठेवून घेतले.

हे मी आता इतकं सरळ लिहिते आहे. पण घरात कोणी कधी असं बोललं नाही. "मामाला जरा कमी ऐकू येतं," असं आम्ही म्हणायचो, जसं एखादा चहात साखर कमी घेतो. कानाचं यंत्र आणलं होतं, ते ड्रॉवरमध्ये सुट्या बटणांच्या डबीशेजारी पडून असतं. "ते घातलं की परत कारखाना सुरू होतो," मामा म्हणाला आणि विषय संपला. मामी त्याच्याशी बोलायच्या आधी समोर येऊन उभी राहते, टेबलावर दोनदा बोट आपटते, मग बोलते. तो तिच्या तोंडाकडे बघतो. सगळ्यांच्याच तोंडाकडे बघतो. समोरच्याला वाटतं, काय मन लावून ऐकतोय माणूस! आमच्या नात्यातले निम्मे लोक आपली दुखणी सांगायला मामाकडे येतात. तो बघतो, मान हलवतो, शेवटी "होईल ठीक" म्हणतो. लोक समाधानाने घरी जातात.

गेल्या वर्षी माझा मामेभाऊ, म्हणजे मामाचा मुलगा, दोन दिवसांसाठी आला होता. त्याने शेडमध्ये उभं राहून सांगितलं, "बाबा, पुढच्या वर्षी सरकारी तपासणीत पास झाली तर ठेवा. नापास झाली तर मी भंगारवाल्याला बोलावणार, आणि मग तुम्ही वाद घालायचा नाही." मामा लगेच "बरं" म्हणाला. मला वाटलं, ऐकूच गेलं नाही. मामीने त्याच्या समोर उभं राहून सगळं पुन्हा सांगितलं. तो तिच्या तोंडाकडे बघत राहिला आणि पुन्हा म्हणाला, "बरं म्हणालो ना."

त्या संध्याकाळी मामी मला स्वयंपाकघरात म्हणाली, "गाडी गेली तर हा माणूस सकाळी उठून करणार काय, सांग तू मला. लोकांशी बोलायला बसला की दमतो. तिच्याशी बोलावं लागत नाही." सोमवार-गुरुवार तो मामीला तिच्या कमरेच्या व्यायामासाठी घेऊन जायचा, शेजारच्यांना स्टेशनवर सोडायचा, कोणाचं काही जड सामान असलं की आणायचा. तेवढं एकच काम राहिलं होतं, ज्यात लोक त्याच्याकडे येत, आणि त्यात तो कोणापेक्षा कमी नव्हता. निदान आम्ही तसं धरून चाललो होतो.

तपासणीच्या आधीच्या रविवारी त्यांच्याकडे रंगीत तालीम असते. एकोणीस वर्षं असते. मामी तपासनीस होते. अंगणात गाडीच्या मागे ठरलेल्या फरशीवर स्टूल टाकून, हातात वही घेऊन बसते आणि मोठ्या रुबाबात हुकूम सोडते: लहान दिवे! ब्रेक! डावा! उजवा! वायपर! हॉर्न! मग घ्या मागे! क्रम ठरलेला, कारण तपासणी केंद्रावरचा मिशीवाला तपासनीस त्याच क्रमाने सांगायचा. प्रत्येक दिवा लागला की मामी "लागला!" म्हणून ओरडते आणि वहीत खूण करते. मला हा प्रकार लहानपणापासून हास्यास्पद वाटत आला आहे. यंदा मी तिथे चहाचा कप घेऊन उभी होते, तर मामी माझ्यावरच खेकसली.

"आरशाच्या मधे येऊ नकोस गं! बाजूला हो."

मी बाजूला झाले. गाडीतला मागचं दाखवणारा आरसा मामाने स्वतः बदललेला आहे, मावेल तेवढा रुंद, त्याची दांडी त्यानेच कातलेली. मला वाटलं, म्हातारपणी माणसं किरकिरी होतात. इतक्या वर्षांत मला एवढंसुद्धा कळलं नाही, की तो तिचं तोंड आरशात वाचत होता. मी पोस्टात काउंटरवर बसते. दिवसभर काचेपलीकडच्या लोकांना "इथे सही करा" सांगते, आणि स्वतःला हुशार समजते.

दरवर्षी मामी त्याच्याबरोबर जाते. यंदा तिची कंबर धरली. मग मी किरकोळ रजा टाकली. निघताना मामी खिडकीशी आली, माझं मनगट धरलं आणि म्हणाली, "तू त्याच्या शेजारीच बस. काही झालं तरी गाडीतून उतरू नकोस."

"हो गं मामी," मी म्हटलं. का, ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

केंद्रावर रांग होती. पुढे डिलिव्हरीच्या व्हॅन, दोन टॅक्सी, मध्ये आमची थोरली, पॉलिश केलेली, एखाद्या मुलाखतीला आलेल्या आजीबाईंसारखी. लोक येऊन फोटो काढत होते. एक टॅक्सीवाला मामाला काहीतरी विचारत होता, मामा त्याच्या तोंडाकडे बघून हसत होता. मामाने इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि नखांतलं तेल ब्रशने घासून काढलं होतं. मला म्हणाला, "ब्रेक नवे बसवलेत. बुश स्वतः कातलेत. नापास करायला त्याला कारण शोधावं लागेल." त्याचा चेहरा परीक्षेला अभ्यास करून आलेल्या मुलासारखा झाला होता. काळजी मलाही होती, पण ती गाडीची.

आत गेलो तर मिशीवाला नव्हताच. तो निवृत्त झाला होता. त्याच्या जागी एक तिशीतला तपासनीस होता, हातात टॅबलेट, तोंडावर धुरासाठी लावतात तो जाड मास्क, डोळे सोडून काही दिसत नव्हतं. तो माझ्या खिडकीशी आला.

"ताई, तुम्ही उतरा. लेनमध्ये फक्त ड्रायव्हर. नवीन नियम आहे. पिवळ्या पट्ट्याच्या मागे थांबा."

"मी नुसती बसते ना. वयस्कर आहेत ते."

"ताई, नियम."

हाच शब्द मी रोज शंभर लोकांना ऐकवते. मी उतरले. मामाने माझ्याकडे बघितलं. त्याने हात सीटवर, जिथे मी बसले होते तिथे ठेवला आणि परत उचलला. एवढंच. मामी शेजारी बसून काय करायची, हे मला मागाहून कळलं. ती हुकूम झाला की गुडघ्याने त्याच्या गुडघ्याला ढोसायची.

ब्रेक तपासायच्या रोलरवर थोरली पास झाली; तिथे हाताच्या खुणांवरच काम चालतं. धुरात काठावर, पण पास. स्टिअरिंग हलवून बघितलं, खाली वाकून टॉर्च मारली, तपासनीसाने भुवया वर केल्या. मास्कच्या आडून म्हणाला, "गंज अजिबात नाही. कमाल आहे." मी पट्ट्यामागे उभी राहून दोन्ही हात घट्ट धरले होते. मला वाटलं, झालं.

मग तो गाडीच्या मागे जाऊन उभा राहिला आणि टॅबलेटवर बघून बोट वर केलं. "हॉर्न!"

मामाने लहान दिवे लावले.

तपासनीसाने टॅबलेटवर काहीतरी दाबलं. पुन्हा बोट वर केलं. "डावा!"

ब्रेकचे लाल दिवे लागले.

"डावा, डावा!"

डावा लागला. माझा जीव भांड्यात पडला. पण तेवढ्यात तो "ब्रेक!" म्हणाला आणि उजवा लुकलुकायला लागला. मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. मामा ताठ बसला होता, दोन्ही हात चाकावर, नजर आरशात. एका बोटामागे एक गोष्ट, त्याच्या पाठ क्रमाने, एकही न चुकता, तो करत होता. तालमीत कधी चूक झाली नव्हती, इथेही होत नव्हती. फक्त त्या मास्कमागून काय विचारलं जातंय ते त्याला ठाऊक नव्हतं.

तेव्हा मला कळलं. फरशी, आरसा, "मधे येऊ नकोस", "उतरू नकोस", सगळं एकदम कळलं, आणि कळून उपयोग काहीच नव्हता. मला हाक मारायची होती, पण हाक मारून काय होणार होतं?

तपासनीस वैतागून पुढे झाला. "लहान दिवे बंद करून लावा परत," म्हणाला. वायपर सुरू झाले. कोरड्या काचेवर करकर करत फिरत राहिले. त्याने कपाळावर हात मारला आणि डावा दिवा बघायला मागच्या बंपरपाशी खाली वाकला. आरशातून तो दिसेनासा झाला. हॉर्न वाजला, लांब, रुबाबदार, सगळी शेड दणाणली.

आणि यादीत पुढचं उरलं होतं, "घ्या मागे". मिशीवाला ते सांगून बाजूला व्हायचा. आरशात कोणी नव्हतं. मामाने गिअर मागे टाकला.

"मामा!" मी ओरडले. सगळे वळले, मामा सोडून सगळे. मी पट्टा ओलांडून धावले आणि छपरावर दोन्ही हातांनी धाड धाड मारलं. ते त्याला हाताला कळलं असावं. गाडी जागच्या जागी थांबली. तपासनीस एका हातावर उडी मारून बाजूला पडला होता. बंपर आणि मागचा खांब यांच्यात जेमतेम एक हात जागा होती.

तो उठला, पँट झटकली. "काय गाडी आहे की काय आहे! डावा मागितला तर ब्रेक, ब्रेक मागितला तर उजवा. वायरिंगची पार बोंब आहे. आणि गाडी आपोआप मागे येते! मी नापास लिहितोय. असली गाडी रस्त्यावर नको."

मामा खिडकीतून मान बाहेर काढून माझ्याकडे बघत होता. काय झालं ते त्याला माहीत नव्हतं. त्याने भुवया उंचावून मला विचारलं, झाली का?

मी गप्प बसले असते तर गाडी गेली असती. मामेभावाने भंगारवाल्याला फोन केला असता आणि मामा "बरं" म्हणाला असता, आणि वायरिंगवर राग काढत बसला असता. त्याचा तरी मान राहिला असता. बोलले तर गाडी राहणार होती. मग तपासनीसाला हाताला धरून गाडीच्या मागे नेलं, मामाला ऐकू जाऊ नये म्हणून. आता या वाक्याचं मलाच हसू येतं.

"वायरिंगला काही झालेलं नाही," मी म्हटलं. "त्यांना ऐकू येत नाही. अजिबात येत नाही. त्यांनी यादी पाठ केली आहे."

तो माझ्याकडे बघत राहिला. "मग ते इतकी वर्षं..."

"मामी सांगायची."

त्याने टॅबलेटवरचं नापास खोडलं. मग म्हणाला, "परत घेऊ. तुम्ही त्यांच्या समोर उभ्या राहा." मी बॉनेटपुढे उभी राहिले, तो मागून सांगायचा, मी हातांनी खुणा करायचे. डावा, उजवा, ब्रेक, हॉर्न. सगळं एका फटक्यात लागलं. मामा माझ्याकडे बघून हसला, मला शाबासकी दिल्यासारखा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि मी ते पुसूही शकले नाही, कारण हात खुणांना लागत होते.

तपासनीसाने मला पुन्हा मागे बोलावलं आणि मास्क हनुवटीखाली ओढला. अगदी कोवळा चेहरा होता.

"गाडी पास," तो म्हणाला. "अशी ठेवलेली गाडी मी पाहिली नाही. पण ताई, मी फक्त गाडी तपासतो, माणूस तपासायचं माझ्याकडे नाही. आज मी वाकलो होतो. उद्या एखादं मूल असेल. त्यांना चालवू देऊ नका. इथून बाहेरसुद्धा नको. तुमच्याकडे लायसन्स आहे?"

"आहे."

"मग तुम्ही न्या. आणि त्यांना तुम्हीच सांगा. मला नाही जमणार."

मलाही जमणार नव्हतं. त्याने दिलेला कागद मी हातात धरला आणि कसं सांगायचं ते जुळवायला लागले. त्याला हळू सांगता येत नाही. त्याच्या समोर जाऊन, तोंड मोठं उघडून, एकेक शब्द वेगळा करून सांगावं लागतं. रांगेतल्या सगळ्यांसमोर मी ते करणार होते: मामा. तू. आता. गाडी. चालवू. नकोस. मी मनात वाक्य लहान करत गेले. लहान केलं तरी ते तेवढंच राहत होतं.

ड्रायव्हरच्या दाराशी आले तर सीट रिकामी होती.

मामा त्या अखंड सीटवरून सरकून पलीकडे गेला होता. माझ्या जागेवर, खिडकीला खेटून, हात गुडघ्यांवर ठेवून बसला होता. किल्ली गाडीतच होती. मी आत वाकून समोर बघितलं. त्या रुंद आरशात गाडीच्या मागची सगळी जागा स्वच्छ दिसत होती, आम्ही दोघं जिथे उभे होतो ती, आणि मास्क खाली ओढलेला तपासनीस, अजून तिथेच. मामाने सगळं वाचलं होतं. तपासनीसाचं बोलणं आणि त्याच्या आधी माझंही.

"चल," मामा म्हणाला. "क्लच जरा वर धरतो. सवय होईल."

मी बसले. वाटेत आम्ही बोललो नाही. मामाशी बोलायचं तर त्याच्याकडे तोंड करावं लागतं आणि गाडी चालवायची तर समोर बघावं लागतं. मला त्याला इतकं काही सांगायचं होतं, की मला माफ कर, की मी दुसरं काय करणार होते, आणि मी नुसती समोर बघत राहिले. त्याने डाव्या हाताचा तळवा दारावर टेकवून ठेवला होता. इंजिन त्याला तिथून कळत होतं. "दुसरा टाक," तो मध्येच म्हणायचा. "आता तिसरा." एकदा मी चुकीचा टाकला, गिअर खरखरला. मी मनगट तयार ठेवलं. त्याने टिचकी मारली नाही.

मामी फाटकाशी स्टुलावर बसली होती, मांडीवर वही. गाडी वळली तेव्हा ती उठली आणि तिने आधी चाकामागे कोण आहे ते पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली घातली.

मामा उतरला. दार लावताना त्याने ते हाताने धरून सावकाश लावलं, त्यामुळे कपाटाचा आवाज झाला नाही. मामी त्याच्या समोर जाऊन उभी राहिली. खुणेसाठी बोट आपटायला जवळ टेबल नव्हतं, म्हणून तिने त्याच्या शर्टाच्या बटणावर दोनदा बोट मारलं.

"झाली का पास?"

"गाडी झाली," मामा म्हणाला, आणि माझ्याकडे किल्ली न मागता आत गेला.